बाई आली की बाई आल्या?

मंडळी, शाळेतून निवृत्त होऊन मला आता सतरा-अठरा वर्षं झाली, पण मनातलं लाल पेन काही सुटत नाही. लग्नपत्रिका असो, दुकानाची पाटी असो, रिक्षामागचा मजकूर असो, खुणा होतच राहतात. परवा आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सूचनाफलकावर एक कागद लागला: सर्व बाई लोकांनी छोट्या लिफ्टचा वापर करावा. छोटी लिफ्ट म्हणजे सामानाची. त्या वेगळ्या लिफ्टबद्दल मला जे बोलायचं होतं ते मी सभेत बोलले, इथे ते उगाळत नाही. मी अडले ती "बाई लोक" या दोन शब्दांपाशी. चौतीस वर्षं मुलं मला बाई म्हणत आली. मग मी कोणत्या लिफ्टने जायचं?

शब्द मुळात मोठा मानाचा. जिजाबाई, ताराबाई, अहिल्याबाई. झाशीला सून म्हणून गेलेली मणिकर्णिका लग्नानंतर लक्ष्मीबाई झाली. पेशव्यांच्या घरात राधाबाई, काशीबाई, गोपिकाबाई, रमाबाई. (आपण आजही काशीबाई म्हणतो, आणि मस्तानीला मात्र नुसतं मस्तानी. शब्द न लावण्यातूनही माणसं पुष्कळ काही बोलत असतात.) पण हा मान फक्त वाड्यातला होता असं समजू नका. संत जनाबाई नामदेवांच्या घरी राबत होत्या, स्वतःला त्यांची दासी म्हणवत होत्या. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई. ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण लहान वयातच मुक्ताबाई. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी धुणीभांडी, दळणकांडण करणाऱ्या बाईच्या नावापुढेही बाई लागत होतं आणि ते वारकऱ्यांना खटकलं नाही. मोल्सवर्थ साहेबांच्या कोशातही बाई हा बायकांसाठीचा आदराचा शब्द म्हणूनच सापडतो.

पुढे १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. शिकवणारी स्त्री ही चीजच नवी, पण तिच्यासाठी नवा शब्द शोधावा लागला नाही. नावात होताच. पुरुषांचे शब्द मात्र पिढीगणिक बदलले. गावठी शाळेतले पंतोजी गेले, मास्तर आले, मास्तरांचे गुरुजी झाले, गुरुजींचे सर झाले. आम्ही तेवढ्या काळात बाईच राहिलो. मी १९७४ साली नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेत सहा सर होते आणि अकरा बाई. कुणाला त्यात उणंदुणं वाटत नव्हतं.

आता थोडं व्याकरण. घाबरू नका, परीक्षा नाही. मराठीत आदर बाई या शब्दात नसतोच, तो क्रियापदात आणि विभक्तीत असतो. "बाई आल्या" म्हटलं की वर्ग उठून उभा राहतो. "बाई आली" म्हटलं की कुणीतरी मोरीतली भांडी बाहेर काढून ठेवतं. "बाईंनी सांगितलं" ही आज्ञा आणि "बाईने सांगितलं" ही तक्रार. आमच्या बाई, आमची बाई. नीट पाहिलंत तर बाईंनी आणि बाईनी यांच्यात फरक फक्त एका अनुस्वाराचा. शुद्धलेखन तपासताना मी मुलांना म्हणायची, तो ठिपका विसरलास तर माझा पगार कापलास असं समज. मुलं हसायची, पण ठिपका द्यायची.

अर्थात हे गणित इतकंही सरळ नाही. आई आली, आजी आली, देव आला, असं आपण एकवचनातच बोलतो आणि त्यात अनादर नसतो. बाबा मात्र आले! आईला एकवचन हे जवळिकीचं, असं आपण म्हणतो. मला कधी कधी शंका येते की सगळीच काही जवळीक नसावी, थोडी गृहीत धरण्याची सवयही असावी. पण तो वेगळा विषय. शिवाय अहो-जाहोचं हे वजन सगळ्या महाराष्ट्रात सारखं नाही. मुलुंड पूर्वेला गव्हाणपाडा आहे, जुनं गावठाण. भांडुप-कांजूरपासून ठाण्यापर्यंत आगरी-कोळ्यांची जुनी वस्ती आहे. त्यांच्या बोलीत तुम्ही फारसं नाही. बाजारात मासे घ्यायला गेलं की "घे गो बाय" असंच ऐकू यायचं, मग समोर शाळेची मुख्याध्यापिका असो की नुकतीच आलेली नवरी. पुण्याच्या आमच्या एक नातेवाईक (नाव लिहीत नाही, त्या वाचतात) एकदा माझ्याबरोबर बाजारात आल्या आणि परतेपर्यंत गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "काय गं, ती तुला चक्क तू म्हणाली!" मी राजापूरकडची. आमच्याकडे लाडक्या लेकीला, भावजयीला, नव्या पाहुणीला बाय म्हणतात. मला त्या "गो बाय" मध्ये माहेर ऐकू आलं होतं. पुणेकरीणबाईंना अपमान ऐकू आला. शब्द एकच, कानांची गावं वेगळी.

आणि गावं किती! आमची धाकटी जाऊ अमरावतीची. तिच्या माहेरी थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. लग्न झाल्यावर पहिल्यांदा तिने फोनवर "बाई, तू कधी येतेस?" असं विचारलं तेव्हा सासूबाईंना वाटलं, ही कुठल्या शिक्षिकेशी एवढ्या सलगीने बोलते आहे. घाटकोपरला आमची शाळा होती त्या भागात गुजराती वस्ती मोठी. तिथे सगळ्याजणी बेन. गुजराती शाळेतल्या शिक्षिकाही बेन. बालशिक्षणाचं एवढं काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर होत्या तेव्हा गुजरातीत त्या ताराबेनच झाल्या. पुढे बोर्डी-कोसबाडला परत ताराबाई. बाई तीच, रेल्वेने डहाणूच्या वर गेली की बेन आणि खाली आली की बाई. राजस्थानात रजपूत घरांत लेकीबाळींना बाईसा म्हणतात, त्याही मानाने. खाली त्रावणकोरच्या राण्यांच्या नावाअखेरीस बायी असतं. त्यातल्या गौरी पार्वती बायींनी १८१७ साली शिक्षणाचा खर्च सरकारने करावा असा हुकूम काढला होता. शाळेतल्या बाईंना हे माहीत असायला हरकत नाही! आणि सगळ्यात मजा म्हणजे आमच्या मजल्यावरचे पंजाबी शेजारी. त्यांचा भटिंड्याकडचा पुतण्या आला की चुलत भावाला "बाई, ओ बाई" अशा हाका मारायचा. त्यांच्या माळवा भागात बाई म्हणजे भाऊ, वडीलधारा पुरुष. आमच्या घरकाम करणाऱ्या शांताबाई पहिल्या दिवशी दोनदा दार उघडून बघून आल्या.

पण हसण्यावारी नेता येणार नाही असा एक प्रसंग मी पाहिला आहे. १९९०च्या सुमारास आम्ही शाळेतल्या सात-आठजणी काशीयात्रेला गेलो होतो. घाटावर गर्दीत चुकामूक होऊ नये म्हणून आम्ही सवयीने एकमेकींना बाई, बाई अशा हाका मारत होतो. उतरलो होतो त्या घरच्या वृद्ध मालकीणबाईंनी संध्याकाळी आम्हाला आत बोलावलं आणि अगदी मायेने सांगितलं, इथे असं मोठ्याने म्हणू नका, लोक भलतं समजतात. तिकडे बाईजी म्हणजे कोठ्यावर गाणारी. आम्ही चकित. ज्या मुलखात रानी लक्ष्मीबाई म्हणताना छाती फुगते, त्याच मुलखात नुसतं बाई म्हटलं की माना खाली!

हे समजून घ्यायला मला नंतर बरीच वर्षं लागली आणि त्यात गाण्याची आवड कामी आली. उत्तरेत गाणाऱ्या स्त्रिया दोन पिढ्यांत बाई हा शब्द मागे टाकत गेल्या. बनारसच्याच रसूलनबाई शेवटपर्यंत बाई राहिल्या, सिद्धेश्वरी आणि गिरिजा मात्र देवी म्हणून ओळखल्या गेल्या. अख्तरीबाई फैजाबादी १९४५ साली बॅरिस्टरांशी लग्न करून घरात गेल्या, काही वर्षांनी पुन्हा गायला लागल्या त्या बेगम अख्तर म्हणून. गळा तोच, पण नावातली बाई उंबरठ्याबाहेर ठेवावी लागली. आपल्याकडे तसं झालं नाही. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल. आपण म्हणत आलो, केसरबाई गायल्या, मोगूबाई गायल्या. माझा समज असा की मराठीने या शब्दाचा मान राखला. पण खुद्द गंगूबाईंचं एक बोलणं प्रसिद्ध आहे. पुरुष गवई मुसलमान असेल तर उस्ताद होतो, हिंदू असेल तर पंडित होतो, केसरबाई आणि मोगूबाई मात्र बाईच राहतात, असं त्या म्हणत. हे वाचल्यापासून माझं "मराठीने मान राखला" थोडं हळू आवाजात निघतं. क्रियापदातला आदर बोलताना मिळतो, कार्यक्रमपत्रिकेवर तो छापता येत नाही. पत्रिकेवर क्रियापद नसतं, नुसतं नाव असतं. मोगूबाईंच्या लेकीला आपण किशोरीताई म्हणू लागलो. ताराबाई मोडकांच्या शिष्या अनुताई वाघ. गुरू बाई आणि शिष्या ताई. म्हणजे त्या मधल्या वर्षांत कधीतरी सुशिक्षित मराठी माणसाचा बाईवरून ताईवर मुक्काम हलला होता.

का हलला, याचं उत्तर माझ्या मते आपल्या मुंबईच्या उपनगरांत आहे.

मी आले तेव्हा मुलुंड-घाटकोपर झपाट्याने भरत होतं. चाळी पाडून इमारती, इमारतींत ब्लॉक, एका जिन्यात गुजराती, सिंधी, तमिळ, पंजाबी, मराठी. दुसरीकडे १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि देशावरून उठून आलेली कुटुंबं डोंगरउतारावरच्या झोपड्यांत राहत होती. पुढे १९८२चा गिरणी संप झाला, लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने एकेक करून थंडावले, आणि कितीतरी घरांची चूल बायकांच्या धुण्याभांड्यांवर पेटू लागली. या बायका एकमेकींना काय म्हणत होत्या? शांताबाई, कौसाबाई, गयाबाई. गावाकडून आणलेला तोच जनाबाईंचा मान. मालकिणीला नाव विचारल्यावर त्यांनी तेच सांगितलं असणार. तमिळ किंवा सिंधी घराला शांता आणि बाई यांतलं नाव कुठलं आणि मान कुठला हे कळायचं कारण नव्हतं. दोन वर्षांत शांताच्या जागी गया येते, बाई तेवढी कायम राहते. तेव्हा नाव गळालं आणि बाई उरली. आदर दाखवायला जो शब्द नावामागे उभा होता तोच नावाच्या जागी बसला.

आणि मग तो मुंबईच्या हिंदीत गेला. तिथे आमचं "आल्या" कुठून येणार? "बाई आया नहीं आज." लिंगसुद्धा वाटेत सांडलं. अनुस्वार तर दूरच. मला त्या परभाषक शेजाऱ्यांचा राग येत नाही, त्यांनी कानावर पडलं ते उचललं. राग येतो तो आपला. कारण हा कापून-छाटून गेलेला शब्द आपण मराठी घरांनी परत घेतला आणि आपल्याच बोलण्यात रुजवला. माझ्या आईच्या वेळी कामाला येणाऱ्या गडीणीचं नाव घेतलं जायचं. (जातीवरून तिचा पेला वेगळा असायचा हेही खरं. जुना काळ गोड करून सांगण्यात अर्थ नाही.) आता मराठी घरातही "आमची बाई आज दांडी मारणार आहे" असं सर्रास ऐकू येतं. आणि मग शाळेतल्या बाईंनाच त्या शब्दाचा संकोच वाटू लागला. माझ्या निवृत्तीच्या आधी पाच-सहा वर्षं नव्या लागलेल्या मुलींनी मुलांना सांगायला सुरुवात केली, मॅडम म्हणा, टीचर म्हणा. त्यांना दोष कसा द्यावा? त्यांच्या सोसायटीत बाई म्हणजे काय ते त्यांना रोज ऐकू येत होतं.

मात्र याच उपनगरांत, याच हिंदीत, बाई हा शब्द एकदा सिंहासनावर बसलेला मी पाहिला आहे. गोरेगावच्या मृणाल गोरे. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या. पाण्यासाठी त्यांनी इतके मोर्चे काढले, अधिकाऱ्यांना इतक्या वेळा घेराव घातले की लोकांनी नाव ठेवलं, पानीवाली बाई. नाव हिंदीत, कारण नळाच्या रांगेत सगळ्या भाषांचे हंडे होते. १९७२ साली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या, त्यातही अहिल्याताई रांगणेकरांबरोबर त्या होत्याच. १९७७ साली त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. तेव्हाची घोषणा तुमच्यापैकी थोरल्यांना आठवत असेल: पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में. आमच्या इमारतीतली पोरं जिन्यातून ओरडत उतरायची. एकाच ओळीत तोच शब्द दोनदा, पहिल्यांदा ओवाळल्यासारखा आणि दुसऱ्यांदा फेकल्यासारखा. मी नववीच्या वर्गात विचारलं होतं, की या दोन बायांत फरक कशाने पडला? एका मुलाने उत्तर दिलं, "बाई, पहिलीने नळ आणला." अजून काय हवं! मृणालताई २०१२ साली गेल्या. गोरेगावात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे, मृणालताई गोरे उड्डाणपूल. इथेही ताई. पाटी लावणाऱ्यांनी मान ठेवला हे खरं, पण ज्या नावाने त्यांना झोपडपट्टीने हाक मारली ते पुलावर चढू शकलं नाही, याची मला चुटपुट आहे.

घरकाम करणाऱ्यांनी स्वतः काय शब्द घेतले तेही पाहण्यासारखं आहे. पुण्यात १९८०च्या सुमारास त्यांनी संप केले, संघटना बांधली, तिचं नाव मोलकरीण संघटना. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण, त्यात लाज कसली? सुशिक्षितांना मात्र तो शब्द उद्धट वाटतो म्हणून ते बाई म्हणतात. सरकारने २००८ साली यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, त्यात "घरेलू कामगार" असा हिंदी शब्द घातला. माझं लाल पेन तिथेही उठलं होतं, पण कायदा झाला याचा आनंद मोठा.

आता जिन्यातली गोष्ट सांगते. आमच्याच इमारतीत चार घरी काम करणारी एकजण माझी विद्यार्थिनी आहे. दहावीला होती, पुढे शिकता आलं नाही. मी दिसले की हातातली बादली खाली ठेवून म्हणते, "बाई, बऱ्या आहात ना?" त्याच क्षणी वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडतं, "बाई, किती वेळ?" आम्ही दोघी एकदमच वर बघतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ती खुदकन हसली, मीही हसले, पण मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. शेजारच्या वहिनी एकदा मला म्हणाल्या, "तुम्हीही तिला तूच म्हणता की." म्हणते. मी तिला पाचवीपासून तू म्हणते, तिचं अक्षर मी वळवलं आहे. पण जिन्यातून जाणाऱ्या तिऱ्हाइताला माझा तू आणि वरच्या मजल्याचा तू वेगवेगळे कसे ऐकू यावेत? त्याला अनुस्वार लावायची सोय नाही.

तो कागद लागल्यावर मी तिलाच विचारलं, तुला काय म्हटलेलं आवडेल? ताई, मावशी, की सरळ नावाने? तिने जराही विचार केला नाही. म्हणाली, "नावानं हाक मारली तरी चालेल, बाई. पण नाव विचारायला पाहिजे ना. चारशे दोनमध्ये सात वर्षं झाली, त्यांच्या फोनमध्ये मी 'बाई सकाळ' आहे. संध्याकाळची दुसरी आहे ना."

सोसायटीच्या सेक्रेटरींना मी "घरकाम करणाऱ्या महिला" असं लिहून दिलं. त्यांनी ऐकलं, कागद बदलला. लिफ्ट अजून तीच आहे, त्यासाठी पुढच्या सभेत पुन्हा उभी राहणार आहे.

बरं, आता तुमची पाळी. अमरावतीकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात तर मग शाळेतल्या शिक्षिकेला काय म्हणत होता, हे जाऊबाईंनी कळवावं. बेळगाव-निपाणीकडचं आणि खानदेशातलंही हवं आहे. आणि बडोद्याच्या आत्यांनी सांगावं, त्यांच्या मराठी शाळेत बाई होत्या की बेन? मला वाटतं बाईच असणार, पण खात्री नाही.